गाडीतला बोंबलाचा वास

मंडळी, आज सकाळी बाबांना एकदम चक्कर आली. रिक्षा मिळेना. मी घरूनच काम करतो, त्यामुळे गाडी महिनोन्महिने खाली उभीच. म्हटलं, वाट लागली, बॅटरी डाऊन असणार. तरी चावी फिरवली, तर एका झटक्यात चालू! आत मात्र बोंबलाचा वास.

बाबांची शुगर कमी झाली होती. आता ठीक आहेत.

दवाखान्यातून आल्यावर समोरच्या सावंतकाकूंना विचारलं. पार्किंगमध्ये गाड्या पुढे-मागे लागतात, म्हणून दुसरी चावी त्यांच्याकडे असते.

"अरे, नुसती चालू करून बॅटरी चार्ज होत नाय. पळवावी लागते. रविवारी वर्सोव्याला मासे आणायला नेते ना मी! तुला विचारलं असतं तर नको म्हणाला असतास."

खरंच म्हणालो असतो.

काकू, वास राहू दे. आणि मंडळी, तुमची दुसरी चावी कोणाकडे असते?