लग्नाआधी किरण नकोत

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा डोळा पुढे येऊ लागला, तेव्हा घाटंजीत ज्याला त्याला औषध माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, नाकामागे, कवटीच्या तळाशी गाठ आहे. नाकाच्या कडेनं चिरून त्यांनी ती काढली. मग मला व्हरांड्यात नेऊन म्हणाले, "मेंदूखालच्या हाडाला चिकटलेला भाग राहिलाय. तिथं सुरी चालत नाही, तो किरणांनीच जाळावा लागेल. महिन्याभरात आणा. गालाची कातडी काळी पडेल, कानावरचे केस जातील." घरी मी सगळं सांगितलं. लोकांच्या कानात फक्त शेवटचं वाक्य शिरलं.

कारण तिचं लग्न तीन महिन्यांवर ठरलेलं होतं. धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीतलं नव्या पद्धतीचं ते पहिलं लग्न. भटजी नाही, मुहूर्त नाही. पांढरी साडी आणि मूर्तीपुढे मेणबत्त्या. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, गावोगाव निरोप देत फिरत होते.

"जखम भरली, डोया जागेवर आला. आता कायले जाळता पोरीले?" ते म्हणाले.

"मूळ आतच हाये," मी म्हणालो.

"चार बुकं शिकला तं आमाले शिकवून राह्यला काय? सारा तालुका येईन पाहाले. लग्न होऊ दे, मंग ने."

बाबांनी मान खाली घातली. माय रडली आणि साडी घ्यायला बाजारात गेली. बहीण मला म्हणाली, "भाऊ, मले आधी घेऊन चाल ना. आत दुखते." मी तिला घेऊन निघालो, तर मोठ्या बाबांनी मोटारस्टँडवरून आम्हाला परत आणलं.

देव सोडले, मुहूर्त सोडला, पण पोरीचा चेहरा तोलायचा जुना काटा तेवढा जपून ठेवला. आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

लग्न थाटात झालं. मोठे बाबा दारात उभे राहून हार घेत होते. सासरी कळेल म्हणून त्यांनी नंतरही तिला नेऊ दिलं नाही. पोळ्यापर्यंत डोळा पुन्हा पुढे आला. कापसाच्या जिनिंगमध्ये रजा टाकून आमचे जावई तिला नागपूरला घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला. गाठ हाड फोडून आत गेली होती. आता चिरूनही उपयोग नाही, किरणांनी फार तर दुखणं कमी होईल, असं ते म्हणाले. मग त्यांनी जावयांना विचारलं, "तेव्हा का नाही आणलं?"

जावयांना किरणांचं काहीच माहीत नव्हतं. व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं.

"मले कोनं काहून नाही विचारलं?" ते म्हणाले. "काया पडलेल्या गालाचीबी केली असती मी."