आबा मुकादमांचा सवाल

आबा मुकादमांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका माणसाला पायातल्या वहाणेने बडवत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बी.कॉम. होऊन मी वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका गाळ्यावर बिलं करायला लागले होते आणि तो माझा पहिलाच दिवस होता. मार खाणाऱ्याचं नाव हणमंत. त्याने ट्रकवरून गोणी न बघता खाली लोटली होती आणि खालचा माणूस थोडक्यात वाचला होता. थोड्या वेळाने शिवा नावाच्या दुसऱ्या हमालाने नेमकं तेच केलं. आबांनी वहाण पायात सरकवली, शिवाशेजारी उकिडवे बसले, तंबाखू मळून अर्धी त्याला दिली, गावच्या जत्रेचं काहीबाही बोलले आणि उठता उठता हळूच एक वाक्य टाकलं. शिवाने मान हलवली. झालं.

माझं डोकं जन्माचं तापट. "एकाच चुकीला दोन न्याय? हा कुठला कारभार?" मी गाळ्यातूनच ओरडले. आबा आले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, तुमी शिकल्याल्या. मला येक सांगा, दोन पोरं असली तर आई दोगांस्नी सारखंच मारती का?" मला माझा धाकटा भाऊ आठवला. तो नुसत्या डोळे वटारण्याने रडायचा आणि मी लाटणं मोडेपर्यंत ऐकायचे नाही. मी उत्तर शोधत राहिले आणि राग कधी उतरला ते कळलंही नाही.

आबा साताऱ्याकडचे, बाजारातल्या हमालांच्या एका टोळीचे मुकादम. डाव्या हाताची दोन बोटं ट्रकच्या फाळक्यात गेलेली. उरलेल्या तीन बोटांनीही ते अशी थप्पड मारत की ऐकणाऱ्याचा गाल दुखावा. टोळीतल्या प्रत्येकाच्या खांद्यावर गोणी ओढायचा लोखंडी आकडा लटकलेला असायचा, आणि भांडण झालं की हातात पहिला तोच यायचा. त्या आकड्याने फुटलेलं डोकं मी पाहिलं आहे, लोंबणारा कानही पाहिला आहे. रक्त गोणपाटाने पुसायचं आणि पुढची गोणी उचलायची, अशी तिथली तऱ्हा. अशा माणसांना एका सुरात हाकणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आबांकडे माणसागणिक वेगळा सूर होता.

हणमंताचंच घ्या. तो एकदा आकडा फिरवत दुसऱ्या टोळीच्या माणसावर धावला. "कोथळाच काडतो तुजा!" म्हणून अख्खा बाजार दणाणून सोडला. आबांनी त्याला अडवलं नाही. मागून दोघांना खूण केली आणि त्यांनी हणमंताच्या पाठीवर शंभर किलोची बटाट्याची गोणी टाकली. मग आबा त्याच्या बाजूने चालत, गाळा येईपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. हणमंत नुसता हुं हुं करत होता. "वझं आलं की त्वांड गप हुतंया," आबा मला नंतर म्हणाले. "आन ह्यो वरडतोय तवर भ्या न्हाई. शिवा गप बसतो, त्येचं भ्या."

ते खरंच होतं. शिवाचं मुंडासं एकदा कुणीतरी गमतीत उडवलं. शिवाने त्या माणसाचं मनगट धरलं, काटकी मोडावी तसं मोडलं, मुंडासं उचलून झटकलं आणि कामाला लागला. तोंडातून शब्द नाही.

माझ्यासाठीही आबांचा एक ठरलेला सूर होता, हे हणमंतानेच हसत हसत फोडलं. "आवं ताई, तुमी वरडाया लागला की आबा सवाल घालत्यात. शिकल्यालं मानूस सवाल आला की उत्तर हुडकत बसतंय, म्हंत्यात." मी भयंकर चिडले. दोन दिवस आबांशी बोलले नाही. मग आबांनी विचारलं, "ताई, रुसल्याल्या मानसाशी कसं बोलावं वो?" आणि मी मूर्खासारखं सविस्तर उत्तर दिलं.

मग आमचे धाकटे शेठ गाळ्यावर बसू लागले. हुशार, फटकळ, नव्या चकचकीत गाडीतून येणारे. आबांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, "शेठ, शिवाला चारचौगांत बोलू नगा. कोपऱ्यात घिऊन बोला." शेठ हसले. "मी सगळ्यांशी एकच बोलतो, मुकादम. माझ्याकडे लाडबीड नाहीत."

एका सकाळी शिवाच्या पाठीवरची गोणी फाटली आणि बटाटे गल्लीभर सांडले. शेठ तरातरा आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी शिवाच्या कानफटात मारली. मुंडासं बटाट्यांत पडलं. शिवाने ते उचललं नाही. खांद्यावरचा आकडा काढला. पहिला घाव शेठच्या खांद्यात बसला आणि मांस घेऊनच बाहेर आला. शेठ गोण्यांच्या थप्पीवर कोसळले, पांढरा शर्ट बघता बघता लाल झाला. मी किंचाळत होते. हणमंत, कोथळे काढणारा हणमंत, भिंतीला चिकटला होता. आकडा दुसऱ्यांदा वर गेला.

टोळीत एक रीत होती. कुणी गोणीपुढे वाकून "हात लाव" म्हटलं, की जवळ असेल त्याने हातातलं काम टाकून गोणी त्याच्या पाठीवर चढवायची. वैर असलं तरी. वाकलेल्याला ताटकळत ठेवणारा टोळीत राहत नसे.

आबा शेठ आणि शिवा यांच्या मधे घुसले. शिवाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याला पाठ करून थप्पीपुढे वाकले, गुडघ्यांवर हात टेकले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "शिवा, हात लाव."

आकडा आबांच्या मानेवर उगारलेला होता. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग तो खाली आला आणि गोणीच्या शिवलेल्या कानात रुतला. शिवाने थप्पीवरची गोणी ओढून आबांच्या पाठीवर चढवली. आबांनी कित्येक वर्षांत ओझं उचललं नव्हतं. तरी ते चालत राहिले, आणि गोणीला हात देत शिवा त्यांच्यामागे. गल्लीच्या टोकाला आबांचे गुडघे गेले आणि गोणी त्यांच्या कमरेवर आली. शिवाने आकडा फेकला, आबांना पाठुंगळी घेतलं आणि ऊर फुटेस्तोवर रडत रिक्षाकडे धावला. पोलिसांनी त्याला इस्पितळाच्या दारातच धरलं.

शेठचा खांदा टाके घालून बरा झाला. आबांची कंबर झाली नाही. कामोठ्याला भाच्याच्या खोलीत ते खाटेला खिळले. मी भेटायला गेले आणि जाताच भडकले. "पाठ का दिलीत त्याला? मान उडाली असती तर? त्या शेठसाठी? तो परवापासून गाळ्यावर येतो, पुन्हा सगळ्यांना तसाच बोलतो!"

आबांनी माझं सगळं ओरडणं ऐकून घेतलं. मिशी पिकून पार खाली आली होती. मला माहीत होतं, आता सवाल येणार.

"ताई," ते म्हणाले, "हनम्याशी कसं बोलायचं, मला गावलं. शिवाशी गावलं. तुमच्याशीबी गावलं. मला येक सांगा, शेठशी कसं बोलायचं व्हतं?"

मी उत्तर शोधलं. खूप शोधलं. आबा छताकडे बघत वाट पाहत राहिले, आणि शेवटी मी उठले. त्यानंतर महिनाभरात ते गेले.

आबांच्या प्रत्येक सवालाने माझा राग उतरायचा. या एकाने तो चढला, आणि अजून उतरलेला नाही.