नाक मोकळं करणारी गोळी

अन्याय झाला तुकारामभाऊंवर. सोमवारी सकाळी साडेनऊला, क्रांती चौकात. करणारी मी.

नामांतराचा मोर्चा निघायचा होता. भाऊ बजाजनगरात राहणारे, वाळूजच्या कारखान्यात वेल्डर. घोषणा द्यायला त्यांच्यासारखा आवाज आमच्या संघटनेत दुसरा नव्हता, आणि नेमकं त्यांचं नाक चोंदलेलं. मी पिशवीतून सर्दीच्या दोन गोळ्या काढल्या.

"अगं, यांना बीपी हाय," त्यांची बायको, सुमनवहिनी म्हणाल्या.

"वहिनी, सर्दीची गोळी हाय, बॉम्ब नाय!"

लोक हसले. भाऊंनी गिळल्या. अकराला मीच आणखी दोन दिल्या.

बाराच्या सुमाराला भाऊ रस्त्यातच खाली बसले. डोकं फुटतंय म्हणाले, छाती धरली, धाप लागली. पोलिसांनी मघाशी थोडी ढकलाढकली केली होती. रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेताना माझ्या डोक्यात पत्रक तयारही झालं: 'पोलिसी दडपशाहीनं कामगाराचं हृदय फोडलं!'

ब्लडप्रेशर दोनशे वीसवर एकशे तीस. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेतलं होतं का?"

पाकीट माझ्या पिशवीत. मी गप्प. पत्रक वाया जाईल म्हणून गप्प.

"चार गोळ्या दिल्या हिनं," वहिनी ओरडल्या. "काढ की गं बाहेर!"

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. "यात व्हॅसोकन्स्ट्रिक्टर आहे, म्हणजे रक्तवाहिन्या आवळणारं औषध. नाकातल्या आवळल्या की सूज उतरते, श्वास मोकळा होतो. पण गोळी काय फक्त नाकात जाते? यांच्या अंगभरच्या वाहिन्या आवळल्या. आधीच बीपी. अरुंद नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकलं, फुप्फुसात पाणी साचलं."

दोन दिवस ऑक्सिजन. रोज ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. मी व्हरांड्यात बसून असायची. आत जायचं तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भाऊंनीच बोलावलं. "मग घोषणा कुणी दिल्या गं?" हसले. मला रडू आलं. वहिनींनी तोंड फिरवलं. त्यांनी अजून माफ केलेलं नाही, आणि त्यांचंच बरोबर आहे.

ते पत्रक मी लिहिलंच नाही. हे छापतेय. कार्यकर्त्यांनो, तुमच्या औषधांच्या डब्यातली सर्दीची गोळी आज डॉक्टरला दाखवा. बीपीवाल्याला डॉक्टरला न विचारता देऊ नका. आणि दिली असेल, तर दवाखान्यात कुणी विचारायच्या आत सांगा.