प्रभुभोजनाची रांग

तुमच्या मंडळीची मूल्यं कुणी लिहिली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? प्रवरेकाठच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीची मी लिहिली. चर्चच्या पाळकसाहेबांनी मूल्यांचं पत्रक करायला सांगितलं. पत्रकं वाचतच वाढलेल्या मला शब्द शोधावे लागले नाहीत. मी लिहिलं, प्रभूच्या मेजापाशी सगळे सारखे.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, आमची वस्ती सर्वांत शेवटी उठते. आजोबांच्याही आधीची रीत आहे. बाप्तिस्म्याआधीची जात त्या रांगेत अजून उभी असते. पत्रक वाटलं त्या रविवारी मात्र, ते मी लिहिलं म्हणून, मला पहिल्या बाकावर बसवलं. आत्याला मीच म्हटलं होतं, "तूही ये पुढं. आता छापून आलंय."

ती आली. आम्ही मेजापाशी गेलो. प्याला माझ्या हातात आला, तोच मंडळीचे एक पंच तिला म्हणाले, "मावशी, तुमची वस्ती मागून. एवढी कसली घाई?"

आत्यानं पत्रक पुढं केलं. "ह्यात तर तसं न्हाई लिवलेलं."

"अवो, ते वाचायला हाय!"

बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. आत्या वळली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी घोट घेतला. तेव्हापासून आत्या प्रभुभोजन घेत नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला तुमच्या मंडळीत सर्वांत शेवटी कोण उठतं, ते बघा. ते मेजापाशी जाऊन येईपर्यंत तुम्ही जागेवरून उठू नका.