केळीच्या गावाला केळी न्यायची होती

“ताई, येताना नांदेडहून दहा डझन केळी आणा,” सविता फोनवर म्हणाली. मी हसले. अर्धापूरला केळी न्यायची म्हणजे विहिरीला घागरीनं पाणी पाजायचं! सविता सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, लातूरला वीस वर्षं माझी शेजारीण. आता आपल्या गावी, अर्धापूरला, दोन एकर केळी करते आणि दर बुद्धपौर्णिमेला आपल्याच बागेतली केळी विहारात वाटते. ते बघायलाच निघाले होते.

लातूर-नांदेड एसटीला चार तास लागतात. बायकांना तिकीट अर्धं, भाजणं मात्र पूर्ण. सकाळी सहाचीच गाडी धरा; मी दुपारी एकची धरून पस्तावले. लोह्याला भजी बरी मिळतात, चहा नको. नांदेडला स्टँडबाहेर गाडेवाला ओरडत होता, “आंध्राची केळी, अम्मा!”

“लाज नाही वाटत? शेजारी अर्धापूर आहे.”

“मग तिथंच जाऊन बघा ना!”

उर्मटच मेला. मी रिकाम्या हातानं अर्धापूरवरून जाणारी हदगावची बस पकडली.

बागेत ठिबक चालू होतं, तरी पानं कडांनी जळालेली. उन्हाकडच्या बाजूनं घडांवर काळे चट्टे, काही घड दांड्यातूनच मोडलेले. व्यापारी बांधावरूनच परत गेला होता.

“केळी कुठंयत?” सवितानं माझी पिशवी चाचपली.

“मला वाटलं, थट्टा करतेस.”

“थट्टा करायला इथं काय उरलंय, ताई?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच विहारात जायचं होतं, आता नांदेडला जाऊन यायला वेळ उरला नव्हता. अंधार पडेस्तोवर आम्ही बाग धुंडाळली आणि उन्हानं झाडावरच अवेळी पिवळी पडलेली बोटभर केळी वेचली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला केळं काट्यासुरीनं खायला शिकवलं होतं. बागेत कशी येतात, हे शिकवलं नव्हतं.

सकाळी विहारात बुद्धवंदना झाली. रांगेतल्या म्हातारीनं केळं उलटंपालटं करून पाहिलं. “सविताबाई, औंदा लई बारकी!”

“हाव आत्या. आपल्याआधी उन्हानं खाल्ली.”

अर्ध्या रांगेतच टोपली संपली. उरलेल्यांपुढे सवितानं नुसते हात जोडले. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

लातूरला परतले. आमच्या इमारतीत सोळा घरं, सोळा एसी, सगळे गरम हवा बाहेर फेकणारे. त्यातला एक माझा. “फार उकडतंय हो,” शेजारीण म्हणाली. तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही.

आठवड्यानं सविताचा फोन आला. “बागेवर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवून सगळी मोडून टाकली. सोयाबीन पेरणार.”

“आणि पौर्णिमेला काय वाटशील?”

“सोयाबीन हातात घेऊन कोण खातंय, ताई?”