बजेटातलं कार्ड

गणिताच्या शिकवण्या घेणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई शनिवारी संध्याकाळी बंदूक घेऊन बर्फात पळते, ही गोष्ट वैशाली नगरात मी कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर पोरांच्या आयांनी फी परत मागितली असती.

हे वेड मला माझ्या मुलीनं लावलं. ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला. मी त्यावर चाचणीचे पेपर टाइप करायची. एका दिवाळीत ती आली, दोन दिवसांत कंटाळली आणि तिनं मला तिचा गेम शिकवला. चौघांची टोळी असते. सामानाची गाडी बर्फातून पलीकडच्या गावी न्यायची आणि वाटेत लुटारू आले की त्यांना पळवून लावायचं. टोळीत ती, तिच्या ऑफिसातले दोघे मित्र आणि मी. मला काम दिलं होतं गाडीजवळ उभं राहण्याचं, कारण त्याहून सोपं काम त्या गेममध्ये नव्हतं.

पण मला त्या बर्फाचं काही कौतुक नव्हतं. फोनवर मुलगी माझ्याशी तीन वाक्यं बोलायची. जेवली, बरी आहे, ठेवू का. याला कारणही मीच. वर्षभर प्रत्येक फोन मी फिरवून फिरवून कुठल्या तरी मुलाच्या बायोडेटावर आणून सोडला होता. गेममध्ये मात्र लुटारू लग्नाचा विषय काढायला फुरसत देत नाहीत. तिथे ती हेडफोनवरून तासभर माझ्याशी बोलायची आणि तेही घरच्या मराठीत, म्हणजे मित्रांना काही कळू नये.

"आई, मांगून येऊन राहिला नं तो! तू कावून उभी आहे तिथं?"

"मले दिसूनच नाही राहिलं."

"झाडामांगं जाय. झाड, आई! तो खांब होय!"

मध्येच ऑफिसात कोण डोक्यावर बसतो, घरमालकीण कशी पाण्यावरून भांडते, हेही येऊन जायचं. त्या तासासाठी मी खांबालासुद्धा झाड म्हणायला तयार होते.

मग गेमवाल्यांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून गेमचं नवं रूप येणार आणि ते जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालणार नाही. पडद्यावर चित्र उमटवतं ते हे कार्ड. माझं इतकं म्हातारं होतं की चालणाऱ्या कार्डांच्या यादीत सोडाच, न चालणाऱ्यांच्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. मुलगी म्हणाली, "राहू दे आई, उगाच खर्च नको करू." ते 'राहू दे' मला फार लागलं. मुली आईला असं म्हणतात तेव्हा आई हळूहळू सुटत चाललेली असते.

मी कंबर कसली. व्हिडिओ पाहायला बसले. त्यातली विशीतली पोरं जे 'बजेट कार्ड' म्हणून दाखवत, त्या बजेटात आमच्याकडे फ्रिज येतो. जुनं घ्यावं तर म्हणे आधीच्या मालकानं ते रात्रंदिवस राबवलेलं असतं, केव्हा दगा देईल सांगता येत नाही. मला त्या कार्डाबद्दल जवळीक वाटली, पण घेतलं नाही. एकानं सांगितलं, मेमरी जास्त पाहा. दुसऱ्यानं सांगितलं, मेमरीवर जाऊ नका. दहावीच्या पोरांना मी सांगते की आधी दिलेलं काय आहे ते लिहा. इथे दिलेलं एवढंच होतं की चिमणी घेण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत आणि स्वयंपाकघर अजून वर्षभर धुरात काढता येईल.

यजमान रेल्वेत गार्ड. त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडलं, माझ्या शिवणाच्या टेपनं आतली जागा मोजली आणि मान हलवली.

"इतकं लंबं कार्ड या डब्यात नाही बसत. आन् पावर सप्लाय तर पाह्य, किती पुराना! लहान इंजिनाले मोठा रेक लावून राहिली तू."

म्हणजे आखूड, कमी वीज खाणारं आणि चिमणीच्या पैशात बसणारं कार्ड हवं होतं. आमचा मुलूख हिंदीचा. सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटी, बच्चा कौन सा गेम खेलता है?"

"बच्चा नहीं, मैं खेलती हूँ."

त्यानं यजमानांकडे पाहिलं. यजमान छताचा पंखा पाहत होते.

खरा घोळ त्यानंतर झाला. आमच्या मराठी मंडळाची भिशी चालू होती आणि तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. मी कोपऱ्यात जाऊन बोलले, पण शिकवणीचा आवाज माझा, मागच्या बाकापर्यंत जायची सवय. "नहीं भैया, इतना महंगा कार्ड नहीं. दिखावा नहीं चाहिए, बस साफ दिखे. और देर मत कीजिए, बेटी का मामला है. अगले महीने से पहले चाहिए."

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या एक काकू पेढे घेऊन दारात उभ्या.

"वहिनी, छुपी रुस्तम आहे तुम्ही! पोरीचं जमलं, आन् आमाले कार्डावरून समजावं?"

माझ्या सगळं लगेच लक्षात आलं. तरी मी चहा टाकला. काकूंनी हॉल सुचवला, बँड नको म्हणाल्या, जेवणात काय ठेवायचं ते काढलं. मी नुसती हूं हूं करत होते आणि मला फार छान वाटत होतं. चहा संपल्यावर मी खरं काय ते सांगितलं. काकूंनी पेढे परत नेले नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.

तोवर बातमी पद्मनाभपूरला माझ्या नणंदेकडे पोचली होती. तिनं मला न विचारता सरळ भाचीलाच फोन लावला: आत्याले सांगितलं बी नाही, आन् इकडे कार्ड पसंत झालं म्हणते!

हे मला माहीतच नव्हतं. शनिवारी यजमानांनी नवं कार्ड बसवलं. चित्र इतकं स्वच्छ दिसायला लागलं की लुटाऱ्यांच्या मिशा मोजाव्यात. दोघे मित्र आले, मुलगी आली नाही. फोनही उचलला नाही. मी त्या सुंदर बर्फात गाडीजवळ उभी राहिले आणि मला रडू आलं.

रविवारी सकाळी नणंदेनं स्वतःच फोन करून रुसवा सांगितला, तेव्हा उलगडा झाला. मी कॅबिनेट उघडून फोटो काढला आणि मुलीला पाठवला. खाली लिहिलं, 'हे ते कार्ड.'

दुपारी तिचा फोन आला.

"मले वाटलं, तू पोरगं बी पक्कं केलं आन् मलेच नाही सांगितलं."

"माझ्याबद्दल असं वाटलंच कसं तुले?"

"वाटणारच नं, आई."

मग तिनं विचारलं, "काकूले तू लगेच सांगितलं नं, लग्न नाही म्हणून?"

हो म्हटलं असतं तर तिला कुठे कळणार होतं?

"नाही," मी म्हटलं. "चहा संपेपर्यंत नाही सांगितलं. मले बरं वाटून राहिलं होतं."

मला वाटलं, गेलं. कार्डही गेलं आणि पोरगीही.

"मंग काय काय ठरवलं तुम्ही दोघींनी?"

"हॉल ठरला. पुरणपोळी का श्रीखंड, तिथं अडलं."

"श्रीखंड," ती म्हणाली आणि इतकी हसली की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. "चाल, आता गेम लाव."

मी लावला. गाडी गावाबाहेर पडली नाही तोच मला गोळी लागली आणि मी मेले. पण या गेममध्ये मेलेल्या माणसालाही बोलता येतं. ती पुढे खेळत राहिली, आणि मी बर्फात आडवी पडून संध्याकाळ होईपर्यंत तिच्याशी बोलत होते.