राबाचं शेण

आमच्या कापडे गावातल्या घरात पावसाळ्याचे चार महिने चूल म्हणजे नुसता धूर. सरपण पडवीत रचलेलं, तरी ओल धरायचंच. आई फुंकणी घेऊन बसायची आणि भाकऱ्या होईपर्यंत खोकत राहायची. पोलादपूरच्या डॉक्टरांनी तिला औषधं दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, धूर थांबला नाही तर औषधांचा उपयोग नाही.

मी बी.एस्सी. झालेली. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारी पहिली, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. तेव्हा धूर थांबवणं माझं काम.

सिलिंडर होता. पण तो मोठ्या रस्त्यापासून खांद्यावर आणायचा, आणि पावसात दरड आली की गाडीच येत नाही. बाबा प्रत्येक सिलिंडर हलवून बघायचे. "अर्धा काढून घेतलाय," दर वेळी म्हणायचे. म्हणून आई तो पाहुण्यांच्या चहापुरताच लावायची. मग महाडहून एक जण सौर चूल विकायला आला. मी विचारलं, "आषाढात कसं करायचं?" त्याने माहितीपत्रकाचं पान उलटलं आणि सबसिडीवर बोलू लागला. मी त्याला चहा दिला, होकार दिला नाही.

राहिला गोबरगॅस. गोठ्यात दोन बैल, दोन म्हशी होत्या. बाबांना माझाही संशयच. "कॉलेजात जाऊन शेन कालवायला शिकलीस काय गो?" तरी दिवाळीनंतर बिरवाडीच्या गवंड्याकडून टाकी बांधून घेतली. शेगडी पेटली. महिनाभर छान चाललं. मग जाळ बसायला लागला. भात अर्धकच्चा राहायचा आणि आई पुन्हा चुलीपाशी.

मला खात्री होती, गवंड्याने सिमेंट खाल्लं. बिरवाडीला जाऊन चार माणसांत त्याला तसं सुनावलं. दुसऱ्या दिवशी तो आला. टाकीच्या घुमटाला आणि पाइपाला साबणाचा फेस लावून बघितला. कुठे बुडबुडा नाही.

"रोज किती पाट्या शेन टाकता?"

"पाच," बाबा म्हणाले.

आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "दोन. तीन शेतावर जातात."

बाबा माझ्यावरच उखडले. "मग राब कशानं भाजू? शेन नाय तर रोप नाय. रोप नाय तर त्या शेगडीवर काय शिजवशील, तुझं सर्टिफिकेट?"

गवंडी हसला. मला हसू आलं नाही, कारण बाबांचं बरोबर होतं. भाताची रोपं करायच्या जागेवर आम्ही शेण, वाळका पालापातेरा, फांद्या पसरून भाजतो. तोच राब. सगळा हिशेब मांडताना नेमकं तेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गवंडी म्हणाला, टाकीतून बाहेर येणारी मळी वाळवून राबाऐवजी घाला. बाबा म्हणाले, "गॅस काढलेलं शेन म्हणजे साय काढलेलं दूध." शेवटी ठरलं की अर्ध्या जागेत नेहमीचा राब आणि अर्ध्या जागेत मळी. गवंड्याची मी त्याच चार माणसांत माफी मागितली.

पावसात रोपं वर आली. बाबांनी दोन्हीकडची वितीने मोजली. पुन्हा मोजली. मग दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजली. "सारखी हायत," म्हणाले. "पुढल्या साली बगू."

पुढल्या साली पाचही पाट्या टाकीत गेल्या. आता आमच्याकडे श्रावणातही दोन्ही वेळचं जेवण शेणाच्या गॅसवर होतं. आई अजून खोकते, पण भाकरी करताना नाही.